नावाची जागा

१४ सप्टेंबर

शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्रात माझा उल्लेख 'सुमतीताई' असा आहे. एकोणीस वर्षांत तिथे मला कुणी ताई म्हटलेलं नाही. बाई म्हणतात. ज्याने मजकूर लिहिला त्याने मला कधी हाक मारलेली नसणार.

'घरोघर' मी ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात नऊ मुलांना घेऊन सुरू केलं. समूहगान. नियम एकच. प्रत्येक मुलाने आपल्या घरात, आपल्या भाषेत गायलं जाणारं एक गाणं आणायचं. त्या दिवशी ते मूल स्टुलावर उभं राहील आणि बाकी सगळे, मीसुद्धा, त्याचे विद्यार्थी. सिंधी, तुळू, मालवणी, तमिळ, अहिराणी. शाळेत तोंड न उघडणारं मूल स्टुलावर चढलं की दुसऱ्यांचे उच्चार सुधारू लागतं. हे मी शोधून काढलं, आणखी कुणी नाही. आता तिथे ऐंशी मुलं आहेत आणि मी नाही. अध्यक्ष म्हणाले, बाईंनी आता विश्रांती घ्यावी. मी मागितली नव्हती.

शेवटी ऋजुता बोलली. तिसरीत असल्यापासून माझी विद्यार्थिनी, आता माझ्या जागेवर. म्हणाली, "बाईंनी मला दोन वर्षं नुसते ओठ हलवायला लावले. तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, आता काढ आवाज." सभागृह हसलं. तीही हसली. पुढे बरंच काही म्हणाली. मी ऐकलं नाही.

नारळ फोडणार नाही. कपाटावर ठेवला आहे, येता-जाता दिसेल असा.

१६ सप्टेंबर

नयनचा फोन. नयन 'घरोघर'ला पहिल्यापासून पेटी वाजवतो, कोपरीला राहतो, त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, सहा पालकांची तक्रार होती. कार्यक्रमाच्या चित्रफितीत एका आईला दिसलं की तिच्या मुलाचे ओठ हलतात, गळा हलत नाही. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, बाईंनीच सांगितलंय, वर्षभर असंच.

सांगितलंच होतं. एक बेसूर आवाज चाळीस सूर खातो. त्याला आधी ऐकायला शिकवायचं. ऋजुता याच वाटेने गाणारी झाली, हे तिला तरी माहीत आहे.

मी एवढंच विचारलं, मला काढायचं ठरलं तेव्हा ऋजुताने हात वर केला का. तो म्हणाला, बाई, मीटिंग खूप वेळ चालली. म्हणजे केला.

५ ऑक्टोबर

डोंबिवलीच्या मानपाड्याला सुरुवात केली. एका गणेश मंडळाचं सभागृह शनिवार-रविवार मिळालं आहे. मागे कारखान्यांची भिंत, पुढे नवे टॉवर बांधले जात आहेत. चौदा मुलं. त्यातला धाकू इथला, त्याच्या आजोबांच्या चाळीतले भाडेकरू म्हणजे माझे निम्मे गायक. ओडिया, तेलुगू, भोजपुरी, कानडी. एक मुलगी बंजारा, शालू राठोड, दहा वर्षांची, समोरच्या इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत आजीबरोबर राहते.

मुलांचं भलं व्हावं म्हणून मी हे करते आहे असं सभागृह देणाऱ्यांना सांगितलं. इथे खरं लिहायला हरकत नाही. मला ऋजुताला लाज वाटताना पाहायचं आहे. कशी, ते अजून माहीत नाही.

१८ ऑक्टोबर

शालूचा आवाज बेसूर नाही. उघडा आहे. शेतात लांबच्या माणसाला हाक मारावी तसा. बाकी तेरा जण त्याखाली दिसेनासे होतात. तिला सध्या ओठ हलवायला सांगितलं. तिने मान डोलावली. धाकू म्हणाला, बाय, मग हिला आनलाच कनाला? सगळे हसले. शालूही हसली, आवाज न करता.

२ नोव्हेंबर

धाकूचा स्टुलाचा दिवस. आजीकडून हळदीचं गाणं घेऊन आला. पहिली पाच मिनिटं स्टुलावर नाचला. मग ओडिया मुलगी एक शब्द चुकली, तेव्हा खाली उतरला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडे बघत तो शब्द सात वेळा म्हणून घेतला. ज्या मुलांना तो चाळीत 'भाड्याचे' म्हणतो, त्यांना आज त्याने ती हाक मारली नाही. नावाने हाक मारली.

आठ जणांचे दिवस झाले. शालू विचारते, माझा कधी? मी म्हणते, गाणं आण. ती म्हणते, एकच येतं, ते आणता येत नाही.

९ नोव्हेंबर

सगळे गेल्यावर शालू थांबली. म्हणाली, बाई, फाटकाबाहेर चला, म्हणून दाखवते. छपराखाली म्हणायचं नाही.

रस्त्यावर डंपर जात होते. तिने डोळे मिटले आणि गायली. चार ओळी, पुन्हा पुन्हा. खालच्या ध पासून सुरू होतं, तिसऱ्या ओळीत एकदम वर चढतं आणि तिथे एक नाव येतं. जमनी याडी. मग तुटून खाली. असं काही मी चाळीस वर्षांत ऐकलेलं नाही.

मग तिने नीट समजावलं, स्टुलावर उभी असल्यासारखं. याडी म्हणजे आई. हे माणूस मेल्यावर बायका म्हणतात. वर चढतं तिथे मेलेल्याचं नाव घालायचं. ऐकेल त्या बाईने उठून यायचं आणि बरोबर रडायचं, रडणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. पुन्हा एकदा वर्ष भरल्यावर म्हणायचं. मध्ये उगाच नाही. उगाच म्हटलं तर नाव जातं.

जमनी तिची आई. तापाने गेली. वर्ष जानेवारीत भरेल.

मी विचारलं, मी लिहून ठेवू का? हरवायला नको. तिने बराच विचार केला. "लिहा. पण म्हणायचं नाय." मी हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर

नयन आला. शेकायची पिशवी गरम करून दिली, त्याची पाठ दुखते. निरोप असा: ११ जानेवारीला ठाण्यात मोठ्या नाट्यगृहात 'घरोघर'चा महोत्सव आहे. राज्यातले एक मोठे पुढारी पाहुणे म्हणून येणार. माझ्या मुलांनी यावं, पुढच्या रांगा राखून ठेवल्या आहेत. आणि ऋजुता विचारते आहे, बाईंकडे एखादं नवं गाणं असेल तर त्यांनी द्यावं, शेवटचं गाणं बाईंचं असावं.

एकोणीस वर्षं घेऊन झाली, अजून पुरलं नाही.

नयन म्हणाला, तिने स्वतःच यायचं ठरवलेलं. डोंबिवली स्टेशनपर्यंत आलेली, परत गेली. मी म्हटलं, गर्दी असते.

तो गेल्यावर मला कळलं, काय द्यायचं ते.

१७ नोव्हेंबर

स्वरलिपी लिहून पूर्ण केली. अक्षर चांगलं आलं आहे. वर शीर्षक: पिकाचं गाणं, बंजारा. खाली अर्थ. याडी म्हणजे धरणी, असं लिहिलं. तिसऱ्या ओळीत स्वरांच्या खाली रिकामी जागा सोडली आणि समासात टीप दिली: 'इथे ज्याने पेरलं त्याचं नाव घालतात. समारंभात मानाच्या पाहुण्याचं घातलं तरी चालतं.'

ऋजुताला मोठ्या माणसांचं मन राखता येतं. ती पुढाऱ्याचं नाव घालेल. ऐंशी मुलं, रंगीत कपडे, हातात कणसं देईल कदाचित, आणि जिवंत पुढाऱ्याच्या नावाने मर्तिकाचं गाणं. सभागृहात एकाला जरी भाषा कळली तरी पुरे. दुसऱ्या दिवशी सगळ्या जिल्ह्याला कळेल. भाषांचं समूहगान चालवणारीला भाषा कळत नाही. मानपत्रात हे कसं लिहितात ते बघू.

शालूला मी लिहीन म्हटलं होतं. लिहिलं. म्हणणार नाही म्हटलं होतं. मी म्हणत नाही.

१९ नोव्हेंबर

कागद नयनला दिला. त्याने पेटीवर पहिली ओळ काढली आणि थांबला. विचारलं, पिकाचं आहे हे? मी म्हटलं, पिकात काय सुखच असतं का. त्याला पटलं. कुणाकडून मिळालं, नाव लिहू का? मी म्हटलं, नको. लोकगीताला नाव नसतं.

३० नोव्हेंबर

झोप चांगली लागते. भूक लागते. दोन महिन्यांत पहिल्यांदा वरण-भाताबरोबर काहीतरी तळलं.

७ डिसेंबर

नयन सांगत होता, गाणं बसलं आहे. मुलं तिसऱ्या ओळीला रडतात आणि का ते त्यांना सांगता येत नाही. वर्तकनगरच्या सभागृहाबाहेर चपला काढणारे पालक तसेच उभे राहतात. नाव कुणाचं घालणार ते ऋजुताने ठरवलं आहे, पण मुलांना शपथ घातली आहे. नयनलाही माहीत आहे, तो सांगत नाही. हसला मात्र.

पुढाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्यात काय गंमत आहे कळत नाही. असेल.

१४ डिसेंबर

साक्षीदार हवेत. शालूच्या आजीला, ठमाबाईला, जाऊन भेटले. उंच बाई, कपाळावर गोंदण, बांधकामावर विटा वाहते. म्हटलं, ठाण्याला मुलांचा कार्यक्रम आहे, शालूबरोबर तुम्हीही या, आणखी बायका आणा. टेम्पो मी सांगते. ती म्हणाली, "आमाला कोन बोलवतो नाटकात?" मी म्हटलं, मी बोलावते. तिने चहा केला. दुधाचा पेला शेजारणीकडून आणलेला मी पाहिला. पूर्ण प्यायले.

२१ डिसेंबर

तेरा जणांचे दिवस झाले. मुलं आता एकमेकांची गाणी सरावाबाहेरही म्हणतात. टँकरच्या रांगेत हंडे घेऊन धाकू आणि तेलुगू पोरं ओडिया गाणं म्हणत होती, पाण्याचा माणूस थांबून ऐकत होता. हे मी ठरवलं नव्हतं.

शालूने विचारलं, अकरा तारखेनंतर मी स्टुलावर? म्हटलं, हो. आणि आवाज? म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, बाई, मी घरी पण आता ओठच हलवते. आजीला वाटतं मी आजारी आहे.

मी ताल चुकला आहे का ते बघायला वही उघडली. चुकला नव्हता.

१० जानेवारी

उद्या. करड्या रंगाची साडी काढली आहे. मला विचारलं तर काय म्हणायचं ते ठरवलं: 'मला वाटलं, त्या अर्थ तपासून घेतील.' एवढंच. आवाज न चढवता.

११ जानेवारी

क्रमाने लिहिते.

पुढच्या दोन रांगा आमच्या. माझी चौदा मुलं, ठमाबाई आणि सात बायका, आरशांची कापडं नेसून, हातभर बांगड्या. लोक वळून बघत होते. पुढारी आले, दिवा लावला, बोलले आणि वीस मिनिटांत निघून गेले. मी घड्याळ बघितलं. ज्याचं नाव घ्यायचं तो माणूसच नाही. तरी म्हटलं, गाणं तर होईल.

शेवटच्या गाण्याआधी ऋजुता माइकशी आली. म्हणाली, सुमतीबाईंनी मंचावर यावं. दोन मुलींनी हात धरून नेलं. मधोमध खुर्ची ठेवली होती. बसवलं. गळ्यात हार घातला. मला वाटलं पुन्हा शाल.

ती म्हणाली, "हे गाणं बाईंनी पाठवलं. ज्याने पेरलं त्याचं नाव यात घालायचं, असं त्यांनीच लिहिलंय. आमच्याकडे दुसरं नाव नव्हतं."

ऐंशी मुलं माझ्याभोवती अर्ध्या वर्तुळात उभी राहिली. खालच्या ध पासून सुरुवात. मी उठायला हवं होतं. उठता आलं नाही. तिसरी ओळ वर चढली आणि मुलांनी माझं नाव घेतलं. सुमती याडी. सुंदर बसवलं होतं. दोन आवाज केले होते, खालचा आवाज नावावर थांबून राहत होता.

पहिल्या रांगेत ठमाबाई उठली. ओढणी तोंडावर घेतली. मागोमाग साती जणी. प्रेक्षकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या, फोन वर केले. ठमाबाई पायऱ्या चढून आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली, माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं आणि रडू लागली. खरी रडली. बांगड्या माझ्या पायाला थंड लागत होत्या. तिला मी कोण? दोनदा भेटलेली. तरी एकटं सोडायचं नाही म्हणून आली.

मग शालू. ती पायऱ्यांपाशी उभी होती. तिने डोळे मिटले आणि तिसरी ओळ उचलली, एकटीने, ऐंशी जणांच्या वरून. तो उघडा आवाज मी तीन महिने झाकून ठेवला होता. ऋजुता वळली. तिने हाताने आपल्या मुलांना खाली घेतलं, शालूला पुढे घेतलं. मला कधी सुचलं नव्हतं की बाकीच्यांना खाली घ्यावं.

नाट्यगृह उभं राहिलं. मी हार काढला.

शालू जवळ आली. माझं मनगट धरून पाहिलं, डॉक्टर धरतात तसं. म्हणाली, "बाई, तुमी तर हायत."

१२ जानेवारी

ऋजुताला माहीत होतं. दुसरं काही असू शकत नाही. तिने शोधून काढलं, कागद माझाच वापरला आणि मला हजार माणसांसमोर जिवंतपणी रडवून घेतलं. मी शिकवलेली आहे ती. माझ्यापेक्षा चांगलं केलं.

दुपारी ठमाबाई शालूला घेऊन घरी आली. बसली नाही. कपाटावरचा नारळ पाहून म्हणाली, घरात असा वाळवतात का. खाली काढला, हलवला, आत गोटा खडखडला. परत ठेवला. मग म्हणाली, "त्या पोरींना ठाऊक नव्हता. तुला ठाऊक होता. शालू बोलली."

मी खुर्ची पुढे केली.

तुझं नाव गेलं आहे, ती म्हणाली. ते परत यायला तेरा दिवस लागतात. तोवर ज्याचं नाव गेलं त्याने आवाज काढायचा नाही. गाणं नाही, बोलणं नाही. शिक्षा नाही ही, ती म्हणाली, रीत आहे. जाताना शालूने मागे वळून पाहिलं नाही.

१३ जानेवारी

मी असलं काही मानत नाही. तरी सकाळी दूधवाल्याशी बोलले नाही. बोट दाखवलं.

ऋजुताचे चार फोन. उचलले नाहीत. रीत सोयीची आहे.

१५ जानेवारी

नयन आला. मी पाटीवर लिहून उत्तरं दिली. त्याला गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली.

लिहिलं: तिला माहीत होतं. तो म्हणाला, काय माहीत होतं? मी वाट बघितली. त्याचा चेहरा तसाच. त्याला खोटं बोलता येत नाही.

तो सांगत होता, ऋजुता त्या रात्री घरी जाऊन लहान मुलीसारखी खूश होती. बाई मंचावर रडल्या म्हणाली. बाईंनी माफ केलं म्हणाली. हात वर केल्याचं तिला फार लागलेलं. सत्काराच्या दिवशीसुद्धा तिने सगळ्यांसमोर माफी मागितलेली, तुम्ही ऐकली नाहीत का? मी पाटी पुसली.

आणि एक बातमी. तिचे वडील, बाळकाका, डिसेंबरपासून अंथरुणाला आहेत. २६ तारखेला पंचाहत्तरावा वाढदिवस. वर्तकनगरला घरीच करणार. निवडक वीस मुलं खाटेभोवती उभी राहून पिकाचं गाणं म्हणणार. नाव बाळकाकांचं. ज्याने पेरलं त्याचं.

१६ जानेवारी

मी काही केलेलं नाही. ती स्वतः चालत येते आहे. छपराखाली, खाटेपाशी, स्वतःच्या बापाच्या नावाने. आणि कधीतरी, वर्षाने, दोन वर्षांनी, कुणीतरी तिला अर्थ सांगेल. तेव्हा तिला ती खाट आठवेल. नाट्यगृहात झालं असतं ते याच्यापुढे काहीच नव्हतं.

मला बोलायला बंदी आहे. पाटीवर लिहायला नाही, हे मला माहीत आहे.

१८ जानेवारी

सराव. मी मागे खुर्चीवर. धाकूने ताबा घेतला, सगळ्यांना ओरडून गप्प करता करता स्वतःचा आवाज बसवून घेतला. शालू आली नाही.

बाळकाका मला दर दिवाळीला चिवडा पाठवत. डब्यावर चिठ्ठी असायची, 'डबा परत करू नये.' असे नऊ डबे आहेत माझ्याकडे. आज मोजले आणि पुन्हा फळीवर ठेवले.

२१ जानेवारी

नयनला पत्र लिहायला बसले. 'गाण्याच्या अर्थात माझी चूक झाली आहे' असं लिहिलं. चूक हा शब्द खोडला. दुसरा लिहिता आला नाही. कागद फाडला.

मर्तिकाचं गाणं म्हटल्याने कुणी मरत नाही. शालूच्या आईच्या नावाचं काय झालं मग, मी ते खोडून रिकामी जागा केली तेव्हा? तेही नुसतं कागदावरच.

२४ जानेवारी

तेरावा दिवस.

सरावाला शालू आली. ठमाबाई फाटकापाशी थांबली. धाकूने न विचारता स्टूल मधे आणून ठेवलं आणि शालूला म्हणाला, चढ, तुजाच रायलाय. ती चढली. पण काय शिकवायचं ते तिला ठरवता येईना.

तेवढ्यात नयन आला, हातात फोन. ऋजुता लाइनवर होती. परवाच्यासाठी तिसऱ्या ओळीतला एक उच्चार तिला तपासून हवा होता. बाई बोलत नसतील तर नुसती मान डोलावू देत, म्हणाली. फोनमधून तिच्या मुलांचा सराव ऐकू येत होता. नयनने तो आवाज मोठा केला. खोलीभर आला. शालूने ऐकलं. ते तिच्या आईचं गाणं होतं आणि वर चढल्यावर त्यात बाळ असं नाव होतं.

ती स्टुलावरून माझ्याकडे बघत राहिली. तिने विचारलं नाही. मी सांगावं म्हणून थांबली.

मला परवानगी नव्हती म्हणून मी बोलले नाही, असं मी इथे लिहू शकते. पाटी माझ्या मांडीवर होती. खडू होता. मी उठले, नयनच्या हातातला फोन घेतला आणि शालूच्या हातात दिला.

"ताई," शालू म्हणाली, "ते पिकाचं नाय. माणूस मेल्यावर म्हणतात. त्यात माझ्या आईचं नाव होतं."

तिकडची मुलं थांबली. एक एक करून थांबली, ते ऐकू आलं.

ऋजुताने विचारलं, "बाईंना माहीत होतं?"

शालूने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"हो. मी पयल्याच दिवशी सांगितलेलं. लिहा पण म्हणू नका, बोललेले."

हे ऐकताना ऋजुताचा चेहरा कसा होईल ते बघण्यासाठी मी सप्टेंबरपासून जगले. फोनवर चेहरा नव्हता. श्वास होता. तो मी ओळखते, गाण्याआधी ती तोंडाने श्वास घेते, ती सवय मला कधी मोडता आली नाही.

मग तिने शालूला विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?"

"जमनी."

"वर्ष कधी?"

शालूने फाटकाकडे पाहिलं. ठमाबाईने बोटं मोजली आणि हात हलवला. आज म्हटलं तरी चालेल असा.

शालू स्टुलावरून उतरली. धाकूने स्टूल उचललं. सगळे फाटकाबाहेर गेले, छपराबाहेर, रस्त्याच्या कडेला. स्टूल मातीत नीट बसेना, नयनने खाली वीट लावली. शालू वर चढली, फोन तिच्या हातातच होता. तिने एकेक ओळ शिकवली. धाकूला दोनदा थांबवलं. याडीतला य तो दाबून म्हणत होता, तिने उतरून त्याच्या तोंडाकडे बघत तो बरोबर करून घेतला. मग सगळ्यांना म्हणाली, आता पूर्ण. आवाज काढा.

सगळ्यांनी काढला. तिसऱ्या ओळीला जमनीचं नाव तेरा आवाजांनी वर नेलं आणि शालूचा आवाज त्यांच्यावर होता. या वेळी बाकीचे दिसेनासे झाले नाहीत. ठमाबाईने ओढणी घेतली. डंपरवाल्याने इंजिन बंद केलं.

फोन कुणी ठेवला नव्हता. तिकडून, वर्तकनगरहून, एक आवाज हळूच सामील झाला. एकटाच. तो कुणाचा ते मला लगेच कळलं. सूर अर्ध्या मात्रेने मागे होता, फोनमुळे असेल.

मी शेवटच्या रांगेत उभी होते. सूर्य मावळायचा होता, तेरावा दिवस संपला नव्हता. मी ओठ हलवले.